आमची वाटचाल : पाठपिशवीत मावणारा मोर्स ट्रान्समीटर

नागपुरात हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं युनिट एकच वस्तू बनवतं : हौशी रेडिओच्या ४० मीटर बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झला चालणारा, ठिपके आणि रेषांच्या मोर्स संकेतांत संदेश पाठवणारा ५ वॅटचा ट्रान्समीटर. तयारही मिळतो, किटमध्येही. प्रत्येक ग्राहकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "५ वॅटमध्ये जाऊन जाऊन कुठवर जाणार?"

५ आणि १०० वॅटमध्ये फरक १३ डेसिबेलचा. रिसीव्हरच्या मीटरवर साधारण दोन एस-पॉइंट, म्हणजे सिग्नलच्या जोराचे दोन आकडे. बोलण्याला सुमारे २४०० हर्ट्झ रुंदी लागते, मोर्स २५० हर्ट्झच्या फिल्टरमधून आरामात निघतो. तेवढ्यानेच खरखर १० डेसिबेल घटते. म्हणून आम्ही वॅटच्या मागे कधी लागलो नाही. जोर दिला तो स्वच्छ सिग्नल, हलकं वजन आणि नीट अँटेनावर.

सुरुवातीचं डिझाइन ७.०३० मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर होतं. अशा सर्किटमध्ये मोर्सची की, म्हणजे दाबायची पट्टी, थेट फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या ऑसिलेटरला जोडली, तर प्रत्येक डिटला (ठिपक्याला) व्होल्टेज किंचित बसतं, फ्रिक्वेन्सी सरकते आणि सूर वाकडा येतो. यालाच चर्प म्हणतात. ऑसिलेटरला वेगळा रेग्युलेटर द्यायचा आणि की फक्त शेवटच्या टप्प्याला लावायची, हा त्यावरचा उपाय. आता क्रिस्टलच्या जागी फ्रिक्वेन्सी तयार करणारी एसआय५३५१ चिप आहे, त्यापुढे ७४एसीटी०० लॉजिक चिप आणि शेवटी तीन बीएस१७० ट्रान्झिस्टर समांतर. कीइंगच्या पीएनपी ट्रान्झिस्टरला रेझिस्टर-कपॅसिटर जोडून सिग्नलचा चढ-उतार ५ मिलिसेकंदांचा ठेवतो. मिनिटाला १२ शब्दांच्या वेगाने डिट १०० मिलिसेकंदांचा असतो, त्यामुळे कानाला फरक कळत नाही. पण शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर टकटक ऐकू जात नाही.

खरी मेहनत लो-पास फिल्टरमध्ये, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणाऱ्या भागात. शेवटचा टप्पा स्विचसारखा चालतो, म्हणून १४ आणि २१ मेगाहर्ट्झलाही ताकद निघते आणि ती अडवायलाच हवी. तीन टोरॉइड (तार गुंडाळायच्या कड्या), पिवळे टी३७-६ : कडेच्या दोघांना २१ वेढे, मधल्याला २४. कपॅसिटर २७०, ६८०, ६८०, २७० पिकोफॅरड, सगळे सीझिरोजी, म्हणजे तापमानाने मूल्य न बदलणाऱ्या प्रकारचे. साधे डिस्क सिरॅमिक लावले की ते तापतात आणि मूल्य सरकतं. तार ०.४ मिलिमीटरची एनॅमलची. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मागितली तरी मिळते. वेढा मोजायचा तो छिद्रातून तार जितक्यांदा गेली तितका. बाहेरून मोजणाऱ्याचा एक वेढा हमखास चुकतो. तारेची टोकं ब्लेडने चकचकीत होईस्तोवर खरवडा. वरून सोल्डर छान दिसतो, आत एनॅमल तसाच राहतो आणि आउटपुट शून्य येतं. जोडणीनंतर फिल्टरच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत मल्टिमीटरने कंटिन्युइटी बघा, मगच पुढे जा.

पहिल्यांदा चालू करताना अँटेना नको, तिच्या जागी ताकद जिरवणारा डमी लोड लावा. १ किलोओहमचे १ वॅटचे २० रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम होतात. कार्बन किंवा मेटल फिल्मच घ्या. वायरवाउंड चालत नाही, त्याची गुंडाळीच इंडक्टर होते. १एन४१४८ डायोड आणि एक कपॅसिटर लावून पीक व्होल्टेज मोजा : ५ वॅटला २२ व्होल्ट, डायोडचे ०.६ वजा. तीन १८६५० लिथियम सेल मालिकेत असतील तर १२.६ व्होल्टला मिळणारे ५ वॅट १०.५ व्होल्टला साडेतीनवर येतात. तो बिघाड नव्हे.

बीएस१७०ची मर्यादा ६० व्होल्ट. अँटेना निसटली आणि की दाबली तर त्याच्या ड्रेन या पायावरचं व्होल्टेज त्यापुढे जाऊ शकतं आणि ट्रान्झिस्टर बसतो. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांत काळा डबा उन्हात ठेवणं म्हणजे त्याला आगीत घालणं. तिन्हींच्या चपट्या बाजूवर अ‍ॅल्युमिनिअमची एकच पट्टी, मध्ये थर्मल पेस्ट, आणि सेट नेहमी सावलीत.

अँटेना डायपोल, म्हणजे मधोमध जोडलेल्या दोन सारख्या तारा : प्रत्येक बाजू १०.१५ मीटर. कापताना साडेदहा ठेवा आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परतणाऱ्या ताकदीचं माप) बघत छाटा. दोन्ही बाजूंनी १० सेंटिमीटर कमी केले की रेझोनन्स, म्हणजे अँटेना जुळते ती फ्रिक्वेन्सी, ७० किलोहर्ट्झने वर सरकतो. प्लास्टिक आवरणाची तार थोडी आणखी छोटी लागते. अँटेनापर्यंतची आरजी-१७४ केबल हलकी, पण १० मीटरला जवळपास १ डेसिबेल खाते. आरजी-५८ त्याच्या निम्म्याहून कमी. तार ४-५ मीटरवर बांधली तर लहरी जवळजवळ सरळ वर जाऊन परततात. दिवसा नागपूरहून गडचिरोली, मेळघाट गाठायला हेच बरं. रात्री जवळची स्टेशनं बुडतात आणि लांबची उघडतात. जूनमध्ये आभाळ गडगडलं की तार आधी सोडवून खाली घ्या.

प्रक्षेपणाला हौशी रेडिओचा परवाना लागतो. त्याची परीक्षा केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखा घेते. परवाना हाती येईपर्यंत डमी लोडवर सराव करा. आणि या बँडवर मोर्स चालतो, अर्थ लपवणारी सांकेतिक लिपी चालत नाही. हे प्रत्येक किटच्या पहिल्या पानावर छापलेलं आहे.

किट चाललं नाही तर पाठवण्याआधी बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि डमी लोडवरचं पीक व्होल्टेज कळवा. बहुतेक वेळा टोरॉइडच्या तारेची न खरवडलेली टोकं फोटोतच दिसतात आणि कुरिअरचा खर्च वाचतो.