शेवटचे तीन आठवडे

मुंबई मॅरेथॉन परवा, रविवारी, १९ जानेवारी २०२५ रोजी आहे. गेल्या तीन आठवड्यांत मी जितकी कमी धावले, तितकी कमी जुलैपासून कधीच धावले नव्हते, आणि तरीही संपूर्ण तयारीतला सर्वांत अवघड काळ मला हाच वाटला. याविषयी आज सविस्तर लिहावेसे वाटते, कारण मागच्या वर्षी हे तीन आठवडे मी वाया घालवले होते आणि त्याची किंमत पेडर रोडच्या चढावर मोजली होती.

त्या वेळी डिसेंबरच्या अखेरीस ताप आल्यामुळे माझी ३२ किलोमीटरची लाँग रन राहून गेली. ती राहिल्याची रुखरुख मनातून जाईना, म्हणून मी शर्यतीच्या अवघे अकरा दिवस आधी, एका बुधवारी रजा टाकून, एकटीच ३० किलोमीटर धावून आले. त्या दिवशी मला फार समाधान वाटले होते. आमच्या धावण्याच्या गटातील एक ज्येष्ठ काका, जे ही शर्यत दहापेक्षा अधिक वेळा धावले आहेत, त्यांना मी हे सांगितले तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "ताई, आता कमवायचं काही उरलेलं नसतं. असलेलं घालवायचं तेवढं उरलेलं असतं." त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला २१ जानेवारीच्या सकाळी कळला. परतीच्या वाटेवर, ३५ किलोमीटरनंतर, पेडर रोडचा चढ सुरू झाला तेव्हा दम शिल्लक होता, मनही तयार होते, परंतु मांड्या उचलल्या जात नव्हत्या. तो चढ मी पूर्ण चालत पार केला, आणि त्यानंतरही जवळजवळ प्रत्येक किलोमीटरला थांबत ५ तास २२ मिनिटांनी शर्यत संपवली.

कठोर सरावाचा फायदा शरीरात उतरायला साधारण दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. त्यामुळे शेवटच्या पंधरवड्यात केलेल्या मोठ्या धावेची ताकद शर्यतीच्या दिवशी हाती येत नाही, थकवा मात्र पुरेपूर येतो. दीर्घ धावेत स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होतात आणि त्या भरून यायला वेळ द्यावा लागतो. म्हणूनच शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत अंतर टप्प्याटप्प्याने उतरवत न्यायचे असते, ज्याला आम्ही सारे धावणारे टेपर म्हणतो. यात अंतर कमी करायचे असले तरी वेग सोडायचा नसतो. सगळेच मंदावले तर पाय जड आणि सुस्त होतात, हा अनुभव अनेकांनी घेतला आहे.

या वेळी २९ डिसेंबरला, शर्यतीच्या बरोबर तीन आठवडे आधी, मी ३२ किलोमीटर धावले. कोथरूडहून वारज्यामार्गे खडकवासला, तेथून पानशेत रस्त्यावर थोडे पुढे आणि परत. त्या आठवड्याचे एकूण अंतर ६५ किलोमीटर झाले. पुढच्या आठवड्यात ते ४८ वर आणले, त्यापुढच्या आठवड्यात ३६ वर, आणि या आठवड्यात आजपर्यंत केवळ १५. मंगळवारची ८ किलोमीटरची धाव मात्र मी पहिल्या दोन आठवड्यांत सोडली नाही, आणि तिच्यातले मधले ४ किलोमीटर शर्यतीच्या वेगाने, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटे ४५ सेकंदांनी, धावले.

कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात दुसऱ्या आठवड्यापासून मन कुरकुरायला लागते. पहाटे साडेचारला सवयीने जाग येते, बाहेर पुण्याची थंडी असते, आणि धावायला जायचे नसते. ८ जानेवारीच्या रात्री माझा डावा गुडघा दुखू लागला. आतल्या बाजूला, वाटीच्या किंचित खाली, बोटाने दाबले की कळ यायची आणि बोट काढले की यायची नाही. मी त्या रात्री किमान वीस वेळा तो दाबून पाहिला. जिना उतरताना एकेका पायरीवर लक्ष ठेवले, मनोमन शर्यत रद्दही करून टाकली. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तेव्हा दुखणे नाहीसे झाले होते. एरवी सरावाच्या धांदलीत ज्या बारीकसारीक दुखण्यांकडे आपले लक्षही जात नाही, ती या रिकाम्या दिवसांत कान धरून आपल्याला बसवून ठेवतात. खरी दुखापत धावताना वाढत जाते आणि विश्रांतीनंतरही हटत नाही. तसे असेल तर अर्थातच डॉक्टरांकडे जायला हवे. परंतु अशा भीतीपोटी "जरा धावून बघते" म्हणून बाहेर पडणे हे मात्र मी या वेळी निश्चयाने टाळले.

खाण्याच्या बाबतीत यंदा कॅलेंडरने साथ दिली. भोगी सोमवारी आली, त्यामुळे तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि गाजर, पावटा, ओला हरभरा, वांगे घातलेली भोगीची भाजी मी निःशंकपणे खाल्ली. हे सारे चोथ्याचे पदार्थ शर्यतीच्या आदल्या दोन दिवसांत पोटाला त्रास देऊ शकले असते. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाची दोन आमंत्रणे मात्र मी नम्रपणे नाकारली, कारण घरोघरी सर्दी-खोकला आहे. शेजारच्या काकूंना थोडे वाईट वाटले. त्यांच्याकडे पुढच्या आठवड्यात आवर्जून जाणार आहे.

कालपासून भर पिष्टमय पदार्थांवर आहे. स्नायू आणि यकृत यांत ग्लायकोजेनच्या रूपाने साठलेली साखर साधारणपणे ३० किलोमीटरच्या आसपास संपत येते, आणि ज्याला भिंत लागणे म्हणतात, म्हणजे अंगातली ताकद एकाएकी संपल्यासारखे होणे, ते तेथेच घडते. हा साठा काठोकाठ भरण्यासाठी शेवटचे दोन-तीन दिवस वजनाच्या दर किलोमागे ८ ते १० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत असे सांगितले जाते. माझे वजन ५८ किलो, म्हणजे दिवसाला किमान ४६४ ग्रॅम. वाटीभर शिजलेल्या भातात सुमारे ४० ग्रॅम असतात, हे लक्षात घेतले तर नुसत्या भाताने हे गणित सुटत नाही. म्हणून मऊ वरणभात, उकडलेले बटाटे, पोहे, केळी आणि, मनापासून सांगते, गुळाची पोळी. आज सकाळी काटा सव्वा किलो जास्त दाखवत होता. पूर्वी मी यानेच घाबरले असते. परंतु ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठते, तेव्हा हे वाढलेले वजन शिदोरीचे आहे.

एक काळजी मात्र उरते, ती हवेची. पुण्याच्या कोरड्या गारठ्यात केलेला सराव मुंबईच्या दमट पहाटेत तसाच्या तसा उतरत नाही. घाम येतो पण वाळत नाही, आणि नाडीचे ठोके त्याच वेगाला अधिक पडतात. म्हणून पहिले १० किलोमीटर ठरवलेल्या वेगापेक्षा किलोमीटरला १० सेकंद सावकाश धावायचे, हे मी घड्याळाच्या पट्ट्याखाली चिटोऱ्यावर लिहून ठेवले आहे. नुसते पाणी ढोसत राहायचे नाही, क्षारांचे पाणी आलटूनपालटून घ्यायचे, आणि दर ४० मिनिटांनी एक जेल (धावताना खायची घट्ट, गोड पाकाची छोटी पुडी). हेच जेल, हेच मोजे आणि ८० किलोमीटर धावून पायांना सरावलेले हेच बूट खडकवासल्याच्या धावेतही होते. शर्यतीच्या दिवशी नवे काहीही नाही.

आज सकाळी ३ किलोमीटर हलके धावले आणि शेवटी चार छोट्या, वेगवान धावा घेतल्या. आज रात्री लवकर झोपायचे आहे, कारण उद्याची रात्र अर्धी जागीच जाणार हे ठरलेले आहे. उद्या सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन, दादरला उतरून बीकेसीतून, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातून, बिब (छातीवर लावायचा शर्यतीचा क्रमांक) घ्यायचा, आणि तेथून गिरगावात मावशीकडे. तिचा दुपारी फोन आला होता. परतीच्या वेळी तू चौपाटीवर किती वाजता येशील, मी नेमकी कधी येऊन उभी राहू, असे ती विचारत होती. मी वहीत पुन्हा एकदा हिशेब केला आणि तिला साडेनऊ सांगितले.