आल्या पावली

वसंत सरत आला तरी खिंडीखालच्या उतारावर बर्फ पडून होता. पिंजलेल्या कापसासारखा ताजा नव्हे, शिळा. वर धूळ, वाऱ्यानं आणून टाकलेल्या पाइनच्या सुया आणि मधूनच कलिंगडाच्या गरासारखी गुलाबी झाक. ती शेवाळाची. १८१८मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉन रॉसच्या जहाजांवरच्या लोकांना ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर बर्फाचे कडेच्या कडे असे लाल दिसले होते. मी बुटाच्या टोकानं जरा उकरून पाहिलं, बस्स.

लक्ष होतं ते पावलांकडे. पहाटे कुणीतरी पुढे गेलं होतं, ठशांची रांग थेट खिंडीपर्यंत. आयता ठसा दिसला की त्यात पाय घातल्याशिवाय मला राहवत नाही. हा मनुष्य लांब ढांगांचा होता, त्यामुळे मी जवळजवळ उड्या मारत निघालो. आणि अर्ध्या वाटेवर, त्याच्याच ठशात, मांडीपर्यंत आत! तो गेला तेव्हा बर्फ रात्रीच्या गारठ्यानं कडक असणार. मी आलो अकरा वाजता. शिवाय शेजारी खडक डोकावत होता. खडक उन्हात तापतो आणि भोवतालचा बर्फ आतून पोखरतो, वरून मात्र पत्ता लागत नाही. पाय निघाला, बूट आतच राहिला.

लहानपणी एकदा आई फरशी पुसत असताना मी मातीच्या पायांनी घरात शिरलो. ‘आल्या पावली परत फीर!’ ती ओरडली. मी आज्ञाधारक. स्वतःच्या मळक्या ठशांवर एकेक टाच बेतानं टेकवत उलटा चालत निघालो. सगळे ठसे बरोबर सापडले. दारातली बादली नाही सापडली. म्हणजे, सापडलीच.

खिंडीत वारा होता, ऊन होतं. दगडावर आडवा झालो, तो तीनला उठलो.

परतताना बर्फाचा चिखल झालेला. माझे सकाळचे ठसे कडा ढासळून असे पसरले होते, की कुणा राक्षसाचे वाटावेत. १९५१मध्ये गिर्यारोहक एरिक शिप्टननं हिमालयातल्या मेनलुंग हिमनदीवर यतीच्या, म्हणजे हिममानवाच्या म्हणून गाजलेल्या पावलाचा फोटो काढला, तेही असंच उन्हानं फुगलेलं पाऊल असावं असं म्हणणारे पुष्कळ आहेत. फोटोत मापाला शेजारी आइस-अ‍ॅक्स तरी आहे. मी शेजारी बूट ठेवून पाहिला. नंबर आठच.

आता या पावलांत पाय घालायचा की नाही? माझीच, पण माझी वाटेनात. बराच वेळ उभा राहिलो. मग खाली दगड नाहीत ना ते नीट बघितलं, बसलो, आणि घसरत थेट गवतात. पँट मागून संध्याकाळपर्यंत ओली होती.