गार्ड नाही म्हणून पेशी नाही

मी इंदूरला जिल्हा कोर्टात वकिली करते, लीगल एडच्या केसेस बऱ्याच असतात. गणपतीचे दिवस होते, सगळा पोलीस फोर्स पंडाल आणि झांक्यांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या चित्ररथांच्या, बंदोबस्तात, आणि नेमकी माझा अशील असलेल्या एका पोराची पेशी, म्हणजे जेलमधून आणून कोर्टात हजर करायची तारीख. मोबाइल चोरीची केस, पहिलीच, जमानत मिळाली पण जमिनीची पावती, म्हणजे मालकीची पुस्तिका, घेऊन उभा राहील असा जमानतदार नाही म्हणून आतच. आई सकाळपासून बाहेर बाकावर बसलेली, मला बघून एवढंच म्हणाली, "ताई, आज तरी आणतील का हो त्याला?"

नाही आणलं. जेलमधून कोर्टात आणायला पोलीस गार्ड उपलब्ध नाही, असा निरोप.

मी फाइल घेतली आणि ऑर्डरशीट चाळत बसले, तर पानामागून पान तेच वाक्य, आरोपी जेलमधून पेश नाही, पुढची तारीख. ज्या दिवशी त्याला आणलं त्या दिवशी तपास अधिकारी दुसऱ्या ड्यूटीवर, साक्ष नाहीच. कोर्ट मोहर्रिरला, म्हणजे कोर्टातलं कागदपत्रांचं काम बघणाऱ्या पोलिसाला, विचारायला गेले तर त्याचे डोळे लाल, रात्रभर पंडालवर उभा राहून सकाळी सरळ इथे आलेला, त्याच्यावर काय चिडणार. व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरून पेशी, असते हो, पण साक्ष चालू असताना आरोपीला वकिलाच्या कानात काही सांगायचं असेल तर ते स्क्रीनवरून सगळ्यांसमोर कसं सांगणार? फोर्स कमी म्हणून पेशी नाही, पेशी नाही म्हणून केस हलत नाही आणि पोरगा आतच, मग आपणच म्हणतो जेल भरल्यात. एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, 2022 च्या आकड्यांत देशभरातल्या जेलमध्ये क्षमतेच्या 131 टक्के कैदी होते आणि त्यातले 75 टक्क्यांहून जास्त कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही असे. मला याचा फार राग येतो.

मग मी कलम 479 लावलं. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रियेची जी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली त्यात आहे की आधी कधी शिक्षा न झालेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की कोर्टाने त्याला बाँडवर सोडायचं, आणि बाँड म्हणजे नुसता स्वतःचा मुचलका, जमानतदार लागत नाही. साध्या चोरीला कमाल 3 वर्षं, म्हणजे याचं 1 वर्ष झालं की पुरे, ते तर केव्हाच उलटून गेलेलं. खरं तर हा अर्ज जेल अधीक्षकाने द्यायचा असतो, तसं कलमातच आहे, पण आला नव्हता, म्हणून मीच हाताने लिहून दिला. जजसाहेबांनी लंचनंतर ऐकून घेतलं, जेलकडून कस्टडीचा रिपोर्ट मेलवर मागवला, आणि संध्याकाळी ऑर्डर झाली. रिहाईचा कागद पोचेपर्यंत जेलबंदी झालेली, म्हणजे संध्याकाळी बॅरकी बंद झालेल्या, त्यामुळे पोरगा दुसऱ्या दिवशी सुटला.

त्याच्याच बॅरकमधल्या आणखी एकाचं नाव त्याने मला दिलंय, त्याचाही काळ पूर्ण झालाय म्हणे, कोणी वकील नाही. कागद मागवलेत, अर्ज लिहायला घेतलाय.