ताटलीचं स्टिअरिंग

एक्कावन्नाव्या वर्षी गाडी शिकायला घेतली, तेव्हा भाची म्हणाली, "मावशी, रोज झोपताना डोळ्यांसमोर आण. तू वाईला पोचलीस, आजी दारात उभी आहे." आणलं. आई भाकरतुकडा ओवाळून टाकतेय इथपर्यंत आणलं. महिनाभर मी मनातल्या मनात वाईला पोचत होते आणि सकाळी तळजाई टेकडीच्या चढावर गाडी बंद पाडत होते. चित्र इतकं गोड, की क्लासला दांडी मारली तरी काही वाटेना. मनाने पोचलेच होते की!

लेक पोहणारा. त्याने मायकेल फेल्प्सचं सांगितलं. २००८, बीजिंग ऑलिंपिक, २०० मीटर बटरफ्लाय. गॉगलमध्ये पाणी शिरलं, शेवटी काही दिसेना. गड्याने हात मोजत भिंत गाठली. १ मिनिट ५२.०३ सेकंद, विश्वविक्रम! त्याचे कोच बॉब बोमन त्याच्याकडून शर्यत आधी मनात पोहून घ्यायचे, बिघडलेलीसुद्धा. "तू नुसतं पदक बघतेस, आई," लेक म्हणाला. लागलं मला ते.

मग स्वयंपाकघरात स्टुलावर बसले. हातात स्टीलची ताटली, डाव्या पायाखाली उशी. डोळे मिटून चढावरचा सिग्नल, मागे चिकटलेली बस, तिचा हॉर्न. हँडब्रेक वर. पहिला गिअर. क्लच हळूहळू सोडायचा, इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं होतं, तिथेच पाय थांबवायचा. थोडा अ‍ॅक्सिलरेटर. मग हँडब्रेक खाली. पहिल्या दिवशी मनातसुद्धा गाडी मागे सरकली, खोटं कशाला सांगू! हे दारातून म्हणाले, "चहा आत्ता मिळेल, की बस गेल्यावर?"

नुसत्या ताटलीवर कोणी गाडी शिकत नाही. रविवारी सहाला तळजाईला जाऊन तोच चढ वीस-वीस वेळा केला. पण आता गाडी बंद पडली की हात थरथरेनासे झाले.

दिवाळीनंतर निघालो. खंबाटकी घाटात पुढचा ट्रक थांबला, मी थांबले, गाडी बंद. मागून हॉर्न सुरू. हे काहीतरी बोलत होते, मला ऐकू आलं नाही. हँडब्रेक, क्लच, तो जड आवाज. निघाली.

आई दारात नव्हतीच. आत मालिका बघत होती. मान न वळवता म्हणाली, "कोणाबरोबर आलीस गं?"