एसडब्ल्यूआर सुधारला, तेव्हाच संशय आला: ४० मीटर डायपोलची नोंद

पावसाळा सरत आला आणि माझ्या हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडवरच्या इन्व्हर्टेड व्हीचा (शेंड्यावरून दोन्हीकडे उतरत्या तारांची डायपोल अँटेना) एसडब्ल्यूआर आपोआप सुधारला. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडे पाठवलेली पॉवर किती परत फिरते ते सांगणारा आकडा; १ सगळ्यात चांगला. आधी ७.०९० मेगाहर्ट्झला १.२ आणि बँडच्या दोन्ही टोकांना, म्हणजे ७.००० आणि ७.२०० ला, पावणेदोनच्या आसपास असायचा. आता मध्ये १.१ आणि टोकांना १.३. तार तीच, बांबू तोच, बालुन (केबल आणि अँटेनाची तार यांच्यामधला जुळवणीचा भाग) तोच. हात न लावता अँटेना कधी सुधारत नसते.

दुसरी खूण नेटवर, म्हणजे हॅम मंडळींच्या रेडिओवरच्या बैठकीत, मिळाली. मला सगळे नीट ऐकू येत होते, पण "ओएम, आज पॉवर कमी ठेवलीय का?" (ओएम म्हणजे मित्रा) अशी विचारणा व्हायला लागली. ४० मीटरवर हे फसवं असतं. केबल जेवढा सिग्नल खाते तेवढाच बँडचा नॉइजही खाते, त्यामुळे ऐकताना काही जाणवत नाही. पाठवताना मात्र गेलेले वॉट गेलेच.

केबलच पॉवर खात असेल तर परत फिरणारी पॉवरही वाटेत मुरते आणि एसडब्ल्यूआर उगाच चांगला दिसतो. म्हणून केबलचं वरचं टोक बालुनपासून सोडवलं, मोकळंच ठेवलं आणि शॅकमधून (रेडिओच्या खोलीतून) नॅनोव्हीएनएने, म्हणजे अँटेना-केबल तपासायच्या छोट्या मीटरने, मोजलं. टोक मोकळं असलं की पाठवलेलं सगळं परत फिरतं. वाटेत मुरेल तेवढंच कमी. माझी केबल आरजी-५८, मध्ये पिन आणि भोवती जाळी असलेली बारीक कोॲक्स. चांगल्या आरजी-५८ चा २५ मीटरला, ७ मेगाहर्ट्झवर, तोटा साधारण १ डीबी (डेसिबल; ३ डीबी गेले की पॉवर निम्मी). जाऊन-येऊन २. म्हणजे एसडब्ल्यूआर साडेआठ-नऊ दिसायला हवा. दिसला २.३! वर अँटेना जोडलेलीच नाही, आणि कित्येक रिग (रेडिओ सेट) कुरकुर न करता चालवतील असा आकडा. रिटर्न लॉस, म्हणजे जाऊन परत येईपर्यंतची घट, ८.१ डीबी; त्याचा अर्धा म्हणजे एकेरी तोटा ४. रिगमधून ५० वॉट निघाले तर बालुनपर्यंत जेमतेम २०. टोक शॉर्ट करूनही मोजलं, आकडा जवळपास तोच आला. दोन्ही मोजून सरासरी घेतलेली बरी.

मल्टिमीटरने बीप वाजली की केबलला पास करणारे बरेच जण आहेत. माझ्या या केबलची पिनही बीप देत होती आणि जाळीही. डीसीला काय, काळं पडलेलं तांबंही चालतं. याच्या उलट गंमत ४:१ व्होल्टेज बालुनची: त्याला मीटर लावला की शॉर्टच दिसणार, वाइंडिंगच तसं असतं. चांगले बालुन लोक यापायी फेकून देतात.

पुढे टाइम डोमेन, म्हणजे दोष किती अंतरावर आहे ते दाखवणारा आलेख. व्हेलॉसिटी फॅक्टर (केबलमध्ये सिग्नलचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या किती पट) ०.६६ भरला. केबल तुटलेली असेल तर तिथे सरळ सुळका येतो. इथे सुळका नव्हता. ५ ते १४ मीटरच्या मध्ये एक बसकं टेंगूळ होतं. शॅकपासून १४ मीटर म्हणजे गच्चीचा कठडा.

कठड्यावर वाऱ्याने केबल घासून वरचं आवरण नखभर फाटलं होतं. बाहेरून बघितलं तर नुसता ओरखडा. तिथे कापली तर जाळी काळीशार, बोटाला ओल लागली. शॅकच्या बाजूला हातभर अंतरावर पुन्हा कापली, तरी काळीच. पाणी जाळीच्या तारांमधून वातीत तेल चढावं तसं पसरत जातं, आणि उतार मिळाला की विचारायलाच नको. कोकणातल्या पावसात अशा केबलला जोड देण्यात अर्थ नाही. सगळी काढून टाकली.

नवीन पुन्हा आरजी-५८च घेतली. जाड आरजी-२१३ घ्या असा आग्रह झाला, पण ७ मेगाहर्ट्झवर २५ मीटरला वाचणार अर्धा डीबी, आणि बांबूच्या शेंड्याला लटकणार कित्येक पट वजन. २ मीटर बँडसाठी विचारलं असतं तर मीही आरजी-२१३च म्हटलं असतं, तिथे एवढ्याच लांबीला आरजी-५८ साधारण ५ डीबी खाते. केबलवाल्याकडची उरलेली आरजी-६ पण चालते, ७५ ओहमने डायपोलचं काही बिघडत नाही; मात्र तिची जाळी बहुधा ॲल्युमिनियमची, सोल्डर धरतच नाही.

पीएल-२५९ कनेक्टर मुळात वॉटरप्रूफ नसतो. त्यावर सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप ताणून, आणि उन्हासाठी वरून साधी पीव्हीसी टेप. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन जोडाजवळ नको, त्यातलं ॲसेटिक ॲसिड तांबं खातं. कठड्यावर केबल आता पाइपच्या तुकड्यातून जाते, आणि खिडकीतून आत येण्याआधी तिला खाली एक झोळ दिलाय, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल.

मोकळ्या टोकावर आता एसडब्ल्यूआर ८.६. अँटेना जोडल्यावर बँडच्या टोकांचा पावणेदोन परत आला, आणि तो बघून बरं वाटलं. एफटी८ या डिजिटल मोडवरचे सिग्नल रिपोर्टही वर आलेत, पण एका संध्याकाळच्या रिपोर्टवर ३ डीबीचा निवाडा करू नये, बँड स्वतःच त्याहून जास्त वरखाली होतो.

एक गोष्ट राहिली आहे. शॅकमध्ये केबल हातात धरली की एसडब्ल्यूआर किंचित हलतो, म्हणजे जाळीच्या बाहेरून करंट येतोय. तो अडवायला एफटी२४०-३१ टोरॉइडवर (फेराइटच्या कड्यावर) केबलच्या दहा-बारा वेढ्यांचा चोक करायचा आहे. तो बालुनपाशी लावावा की केबल घरात शिरते तिथे, हे ज्यांनी दोन्हीकडे लावून पाहिलंय त्यांनी जरूर सांगावं.