सही कुणी केली?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या ओपीडीत जुगारापायी ज्यांना आणलं जातं ते बहुतेक पंचविशी-तिशीतले असतात. त्यामुळं सत्तरीला टेकलेल्या एका वस्तादांना त्यांचा मुलगा घेऊन आला, तेव्हा मी आधी त्यांच्या फाईलमधली औषधं वाचली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि लिहायला त्यांची परवानगी आहे.) आयुष्यभर पेठेतल्या तालमीत पोरांकडून जोर-बैठका काढून घेतलेला माणूस. सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नाही. गल्लीची भिशी वर्षानुवर्षं यांच्याच हातात, कारण हिशेबात कधी रुपयाचा फरक आला नाही. आणि आता रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पांघरुणात मोबाईलवर रमी. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा केंद्राचा कायदा २०२५ च्या ऑगस्टमधला, ही गोष्ट त्याआधीची. आधी स्वतःची ठेव मोडली, मग भिशीतले एक लाख ऐंशी हजार गेले.

वस्तादांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स होता, आणि फाईलमध्ये प्रॅमिपेक्सोल होतं. कंपवातात मेंदूतलं डोपामिन कमी पडतं, ही गोळी त्याच्या जागी काम करते. हाताचा कंप, अंगाचा ताठरपणा कमी होतो. पण डोपामिन फक्त हालचालीचं काम बघत नाही. एखाद्या गोष्टीची ओढ लागणं, ती पुन्हा पुन्हा हवीशी वाटणं, हेही त्याच्याकडं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये कंपवाताच्या अशा अकरा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांना औषध सुरू असताना जुगाराचा नाद लागला होता. अकरापैकी नऊजण हीच गोळी घेत होते. पुढं २०१० मध्ये तीन हजारांहून जास्त रुग्णांची पाहणी झाली. डोपामिनच्या जागी काम करणारी अशी औषधं घेणाऱ्या साधारण सतरा टक्के लोकांमध्ये जुगार, अफाट खरेदी, खा-खा किंवा अनावर कामेच्छा यांपैकी काहीतरी दिसलं. न घेणाऱ्यांमध्ये सात टक्क्यांच्या आसपास.

न्यूरोलॉजिस्टशी बोलून गोळी हळूहळू कमी केली. एकदम बंद करता येत नाही, त्याचा वेगळा त्रास होतो. काही आठवड्यांत रमीचं नाव निघेना.

खरा पेच पडला तो त्यानंतरच्या भेटीत. मुलानं मागणी केली, "मॅडम, एक चिठ्ठी द्या. सगळं गोळीमुळं झालं, आण्णांचा काही दोष नाही, एवढंच लिहा. भिशीवाल्यांना दाखवतो, म्हणजे विषय मिटला."

मी लेटरहेड पुढं ओढलं. वस्ताद म्हणाले, "लिवा की. पर आधी माझं ऐका. खेळायची खाज गोळीची, मान्य. गोळी कमी झाली, खाज ग्येली. पर ठेवीच्या पावतीवर सही कुणी केली? आन् हिला सांगितलं, बँकेत केवायसीला निघालोय. त्ये खोटं गोळीनं सुचवलं व्हय? चांगला इचार करून बोललो हुतो."

"आण्णा, तुम्ही गप बसा. डॉक्टरांना कळतंय."

"त्येच तर म्हणतोय. कुस्तीत पाठ टेकली म्हंजे टेकली. माती वली हुती म्हणून सांगत बसणाऱ्याला मी तालमीतनं भाईर काढायचो. आता मलाच येड्यात काढताय?"

मी विचारलं, काकू जाग्या असताना खेळावंसं वाटलं तर काय करायचात? "दाबून धरायचो," ते म्हणाले. "ही झोपली की सुटायचो."

या उत्तरानं मला थांबवलं. इंग्लंडच्या कोर्टकचेरीत एक जुना प्रश्न आहे: शेजारी पोलीस उभा असता तरी या माणसानं हे केलं असतं का? वस्तादांच्या बाबतीत पोलिसाची जागा काकूंनी घेतली होती. म्हणजे ताबा पूर्ण गेलेला नव्हता. मन ठिकाणावर नसल्यानं आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हेच ज्याला कळत नव्हतं, त्याला गुन्ह्यातून सोडणारं आपल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २२, म्हणजे जुन्या दंडविधानातलं ८४, यांना सोडवणार नाही; आपण काय करतोय आणि ते चूक आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

काकू गीतेच्या वर्गाला जातात. त्या म्हणाल्या, "अर्जुनानं हेच विचारलंय की. मनात नसताना कुणीतरी जुंपल्यागत माणूस पाप का करतो?" तिसऱ्या अध्यायातला प्रश्न. कृष्णाचं उत्तर आहे काम आणि क्रोध, रजोगुणातून उपजलेले. वस्तादांचा काम गोळीतून आला होता.

पण मग पंचविशीतल्या पोराचं काय? त्याच्याही मेंदूत डोपामिनच आहे. त्याला आपण बेजबाबदार म्हणतो आणि वस्तादांना रुग्ण, हा न्याय कसला? ॲरिस्टॉटलनं दोन गोष्टी सवलतीच्या मानल्या, बाहेरची सक्ती आणि अज्ञान. वस्तादांच्या बाजूला दोन्ही थोड्या थोड्या होत्या. ओढ त्यांच्या जगण्यातून उगवलेली नव्हती, आणि औषधानं असं होऊ शकतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पोराच्या बाजूला काय आहे ते त्याला बोलतं केल्याशिवाय कळत नाही, म्हणून मी त्यालाही फटकन दोष देत नाही. माझ्या लेखी स्वातंत्र्य सगळं असतं किंवा मुळीच नसतं असं नाही. एकाच माणसात ते रात्री दोनला कमी आणि काकू समोर असताना जास्त असतं.

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ पीटर स्ट्रॉसन यांनी १९६२ मध्ये मांडलं होतं की, माणसाकडं बघायच्या दोन तऱ्हा आहेत. त्याच्यावर रागवायचं, त्याच्याकडून माफी घ्यायची, त्याला आपल्यातला धरायचं. किंवा सांभाळायची, दुरुस्त करायची बाब म्हणून लांबून बघायचं. दुसरी तऱ्हा मला धंद्यानं शिकवलीय, आणि ती लागतेही. पण मुलगा मायेपोटी आण्णांना कायमचं तिकडं ढकलत होता, आणि वस्ताद हातपाय झाडून अलीकडं येत होते.

तरी त्यांचंही सगळं मला पटलं नाही. माती खरंच ओली होती. मी त्यांना तसं सांगितलं, आणि चिठ्ठीत दोन्ही गोष्टी लिहिल्या: ही ओढ औषधाचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे, यांच्या स्वभावाचा किंवा सचोटीचा पुरावा नाही, आणि रक्कम परत करायची त्यांची स्वतःची इच्छा आहे. मुलगा चिडला. पहिलं वाक्य पुरे होतं, असं त्याचं अजूनही म्हणणं आहे.

भिशीच्या बैठकीत दोघांनी माफ करू म्हटलं. वस्तादांनी ते घेतलं नाही. खोल्यांच्या भाड्यातून महिना पाच हजारांचा हप्ता ठरवला, वही स्वतःहून दुसऱ्याकडं दिली आणि बटणांचा फोन घेतला. गोळी पुन्हा वाढवायची वेळ आली तर आधी काकूंना बोलावून सांगायचं, हेही त्यांनीच माझ्याकडून केसपेपरवर लिहून घेतलं.