पीट त्याला गोळी का घालत नाही?

चांगला वेस्टर्नपट (अमेरिकेतल्या गुराखी-बंदूकवाल्यांचा सिनेमा) सुचवा म्हटलं की मी ‘द थ्री बरिअल्स ऑफ मेल्कियाडेस एस्त्राडा’ (२००५) सांगतो. बघून झाला की प्रश्न ठरलेला: “मित्राचा मारेकरी तावडीत आहे, हातात बंदूक आहे, मग पीट त्याला उडवत का नाही?”

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मेल्कियाडेस हा टेक्सासमध्ये चोरून आलेला मेक्सिकन गुराखी. सीमेवर गस्त घालणाऱ्या माइकला वाटतं आपल्यावर गोळी झाडली, आणि तो त्याला मारून बसतो. शेरीफ प्रकरण दडपतो. ही नुसती कल्पना नाही. १९९७ मध्ये टेक्सासच्या रेडफर्डमध्ये शेळ्या चारणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला अमेरिकी मरीन सैनिकाने गोळी घातली. तो तर अमेरिकेचाच नागरिक! खटला कुणावरच उभा राहिला नाही.

आता पीट, मेल्कियाडेसचा मित्र. (टॉमी ली जोन्स; दिग्दर्शनही त्याचंच, आणि कान चित्रपट महोत्सवातलं अभिनयाचं पारितोषिकही.) माइकला गोळी घातली असती तर त्याच्या लेखी मेलेला ‘कुणीतरी मेक्सिकन’च राहिला असता. पीटला तेवढंच नको आहे. म्हणून तो माइककडून प्रेत उकरून घेतो, मेल्कियाडेसच्या खोपटात नेऊन त्याच्याच कपातून पाणी प्यायला लावतो, त्याचेच कपडे चढवायला लावतो. मग घोड्यांवरून मेक्सिको. मेलो तर गावी नेऊन पूर, असा शब्द मेल्कियाडेसने त्याच्याकडून घेतलेला असतो ना!

वाटेत प्रेताला मुंग्या लागतात, पीट सरळ आग लावतो. सडू नये म्हणून अँटीफ्रीझ (गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते द्रव) प्रेताच्या तोंडात ओततो. हसावं की तोंड फिरवावं कळत नाही. मैत्रीचं इतकं बिनरडकं दृश्य मी दुसरं पाहिलेलं नाही.

आणि शिक्षाच हवी असेल तर ती मारियाना ही मेक्सिकन बाई देते. सीमेवर माइकने तिचं नाक फोडलेलं असतं. पुढे माइकला साप चावतो तेव्हा विष तीच उतरवते, तो शुद्धीवर आला की उकळती कॉफी त्याच्या अंगावर ओतते आणि वर किटली तोंडावर हाणते. फिट्टंफाट.

मला छळणारा प्रश्न वेगळाच आहे. मेल्कियाडेसने आपलं म्हणून सांगितलेलं हिमेनेस गाव कुणालाच ठाऊक नसतं, त्याच्याजवळच्या फोटोतली ‘बायको’ ओळख देत नाही. मग पीट तरी आपल्या मित्राला कितपत ओळखत होता? हे मला अजून कुणी विचारलेलं नाही.